लाइनच्या बिलातल्या अकरा ओळी: जहाज कंपन्यांचे करार, सरकारी नियम आणि नागपूरचा निर्यातदार

तुमसरच्या एका राईस मिलवाल्यांचा मागे फोन आला. "भाऊ, कंटेनर दोन अन् बिलात ओळी अकरा. भाड्याची ओळ एकच. बाकीच्या दहा काहून?" मी त्यांना बिलाचा फोटो पाठवायला सांगितला. ओशन फ्रेट म्हणजे भाडे, टीएचसी (टर्मिनलवरची हाताळणी), बीएल फी (बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल घेतल्याचा वाहकाचा कागद), सील, बंकर (इंधन), पीक सीझन, वॉर रिस्क, आणखी कसला तरी इमर्जन्सी सरचार्ज (भाड्यावरचे जादा शुल्क). डॉलरचा दर बँकेच्या दरापेक्षा चांगलाच चढा, कारण लाइन, म्हणजे जहाज कंपनी, स्वतःचा दर लावते. त्यांचा पुढचा प्रश्न असा होता: "यांच्यावर सरकार नाही का कोणी?"

सरकार आहे, एक नाही, तीन-चार आहेत. पण ते काय करते हे आपल्याकडे बहुतेकांना उलटे माहीत असते. जहाजाचे भाडे किती असावे हे कोणतेही सरकार ठरवत नाही. ते दोन गोष्टी पाहते: कंपन्यांनी आपसात काय ठरवले, आणि तुम्हाला बिल देताना कोणता कागद किती दिवसांत दिला. भाडे कमी करून घ्यायला कायद्याकडे गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. चुकीचे डिटेन्शन बिल (कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचे), नोंदणी नसलेला फॉरवर्डर (माल पाठवून देणारा मध्यस्थ), बीएलवरची घातक ओळ यांच्यासाठी मात्र कायदा कामाचा आहे. वर्धमाननगरातल्या माझ्या टेबलावर विदर्भातल्या मिलवाल्यांची, सूतवाल्यांची कागदपत्रे येतात. त्यातून शिकलेले खाली पायरीपायरीने लिहितो.

आधी दोन करार वेगळे करा

जहाज कंपन्यांचा आपसातला करार एक, आणि कंपनीचा तुमच्याशी करार दुसरा. पहिला तुम्हाला दिसत नाही, दुसऱ्यावर तुमचे नाव असते. सरकारी नियमनाचा मोठा इतिहास पहिल्याचा आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात आपल्याच देशाच्या मालावरून झाली.

१८७५ मध्ये ब्रिटन ते कलकत्ता या मार्गावरच्या कंपन्या एकत्र बसल्या आणि सगळ्यांनी एकच भाडे घ्यायचे ठरवले. हीच पहिली 'कॉन्फरन्स'. वाफेची जहाजे वाढली होती, सुएझ कालवा १८६९ मध्येच खुला झाला होता, जागा जास्त आणि माल कमी, त्यामुळे भाडी कोसळत होती. कॉन्फरन्सने पुढे एक युक्ती काढली: व्यापाऱ्याने काही महिने फक्त सदस्य कंपन्यांकडूनच माल पाठवला तर भाड्यातला काही भाग नंतर परत. मधे एखाद्या बाहेरच्या जहाजाने एक खेप जरी पाठवली तरी साठलेला परतावा बुडाला. याला स्थगित रिबेट म्हणतात. आपल्याकडे ठोक व्यापारी वर्षअखेरीस 'स्कीम' देतात, तिचाच हा आजोबा. अमेरिकेने १९१६ च्या शिपिंग कायद्यात हा रिबेट बंद केला, पण कॉन्फरन्स मात्र चालू दिल्या. कंपन्यांनी करार सरकारकडे दाखल करायचे आणि बदल्यात स्पर्धाविरोधी कायद्यातून सूट मिळवायची. सूट का, तर ठरलेल्या दिवशी जहाज सुटले पाहिजे, अर्धे रिकामे असले तरी. एकमेकांच्या जागा वापरल्याशिवाय दर आठवड्याची सेवा कोणाला परवडत नाही, असे कंपन्यांचे म्हणणे. हे म्हणणे पूर्ण खोटेही नाही आणि पूर्ण खरेही नाही. दीडशे वर्षे नियमन त्याच्याच भोवती फिरते आहे.

आजचे चित्र थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या पायऱ्यांना ते लागेल.

अमेरिकेत १९८४ चा शिपिंग कायदा, १९९८ ची सुधारणा आणि २०२२ ची सुधारणा मिळून फेडरल मेरिटाइम कमिशन काम करते. कंपन्यांचे आपसातले करार तिथे दाखल करावे लागतात, साधारण ४५ दिवसांची तपासणी होते आणि कमिशनने हरकत घेऊन न्यायालयात धाव घेतली नाही तर करार लागू होतो. करार रोखण्याचा आदेश कमिशन स्वतः देऊ शकत नाही. त्यासाठी त्याला न्यायालयातच जावे लागते. युरोपने कॉन्फरन्सची सूट ऑक्टोबर २००८ मध्ये संपवली आणि जहाजे वाटून वापरण्याच्या करारांची वेगळी सूट २५ एप्रिल २०२४ ला संपू दिली. आता तिथे कंपन्यांनी आपला करार स्पर्धा कायद्यात बसतो की नाही हे स्वतःच तपासायचे आहे.

भारतात स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये भाव ठरवणारे करार निषिद्ध आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये कलम ५४ खाली फक्त जहाज वाटून वापरण्याच्या करारांना या कलमातून सूट दिली आणि नंतर तिची मुदत वेळोवेळी वाढवली. सूट कशाला नाही हे लक्षात ठेवा: भाडे ठरवणे, जागा मुद्दाम कमी करणे, ग्राहक किंवा बाजार वाटून घेणे. हे केले तर सूट गेली. करारांवर लक्ष ठेवायचे काम मुंबईच्या डायरेक्टोरेट जनरल ऑफ शिपिंगकडे दिलेले आहे. आपण बोलताना त्याला 'डीजी शिपिंग' म्हणतो.

तीन सरकारांची नजर वेगवेगळी असते याचा नमुना २०१४ मध्ये दिसला. मर्स्क, एमएससी आणि सीएमए सीजीएम यांचा 'पी३' करार अमेरिकेच्या कमिशनने त्या मार्चमध्ये जाऊ दिला. जूनमध्ये चीनने नाकारला आणि करार बुडाला. म्हणजे आपल्या नागपूरच्या कंटेनरची जागा कधी बीजिंगमधल्या कार्यालयातही ठरते.

पहिली पायरी: जहाज कोणाचे आणि बीएल कोणाचे ते पाहा

बुकिंग नोटवर कंपनीचे नाव असते. त्याखाली जहाजाचे नाव आणि व्हॉयेज नंबर असतो. बहुतेक जण पहिले वाचतात, दुसरे सोडून देतात. माझा आग्रह उलटा आहे.

कारण असे. सध्या मर्स्क आणि हापाग-लॉइड यांची 'जेमिनाय', सीएमए सीजीएम, कॉस्को, एव्हरग्रीन आणि ओओसीएल यांची 'ओशन अलायन्स', ओएनई, एचएमएम आणि यांग मिंग यांची 'प्रीमियर अलायन्स' अशा जोड्या आहेत. पैकी जेमिनाय आणि प्रीमियर फेब्रुवारी २०२५ पासूनच्या. एमएससी मोठ्या मार्गांवर बहुतांशी एकटी चालते. शिवाय प्रत्येक मार्गावर छोटे छोटे जागा-वाटप करार असतात. तुम्ही 'धोका नको' म्हणून अर्धा माल एका लाइनकडे आणि अर्धा दुसरीकडे बुक करता, आणि दोन्ही कंटेनर न्हावा शेव्यात एकाच जहाजावर चढतात. जहाज उशिरा आले तर दोन्ही अडकले. मी हे एकदा सूताच्या सहा कंटेनरवर केले आणि पुढचे दोन आठवडे खरेदीदाराला एकाच जहाजाचे तोंड दोन वेगवेगळ्या मेलमध्ये दाखवत राहिलो.

म्हणून दोन्ही बुकिंगवरचे जहाज आणि व्हॉयेज जुळवून पाहा. व्हॉयेज नंबर प्रत्येक लाइन स्वतःचा लावते, तो वेगळा दिसेल; जहाजाचे नाव बदलत नाही. अमेरिकेच्या मार्गावर याहून पक्के पाहायचे असेल तर फेडरल मेरिटाइम कमिशनच्या संकेतस्थळावर दाखल झालेले करार कोणालाही वाचता येतात. कोणत्या बंदरांदरम्यान कोण कोणाकडून किती जागा घेते हे त्यात असते. भाषा वकिली आहे, पण पहिली तीन-चार पाने पुरतात.

आणि माल खराब झाला तर दावा कोणावर? ज्याच्या बीएलवर तुमचा माल आहे त्याच्यावर. जहाज दुसऱ्याचे आहे हे सांगून बीएल देणाऱ्याला सुटता येत नाही.

दुसरी पायरी: फॉरवर्डरची नोंदणी तपासा, ओळखीवर जाऊ नका

ही पायरी मी लांबवणार आहे, कारण माझे पैसे इथे गेले.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका फॉरवर्डरला मी चार कंटेनरचे भाडे आगाऊ दिले. माणूस चांगला बोलायचा, दिवाळीला सोनपापडी पाठवायचा. त्याने मला आपले स्वतःचे बीएल दिले, म्हणजे हाउस बीएल. लाइनचे मास्टर बीएल त्याच्या नावावर. त्याने लाइनला भाडे भरलेच नाही. माल बंदरात पोचला आणि लाइनने अडवला. खरेदीदार ओरडतो, लाइन म्हणते आमचा करार तुमच्याशी नाही, फॉरवर्डरचा फोन बंद. शेवटी लाइनचे भाडे मी पुन्हा भरले आणि वर डिटेन्शनही. दुसऱ्यांदा भरताना मला कळले की हाउस बीएल हा कागद त्याच्या मागच्या माणसाइतकाच पक्का असतो.

तेव्हापासून मी हे करतो. एक, फॉरवर्डर स्वतःचे मल्टिमोडल कागद (रेल्वे-रस्ता आणि समुद्र मिळून एकाच वाहतुकीचे) देत असेल तर १९९३ च्या मल्टिमोडल ट्रान्सपोर्टेशन ऑफ गुड्स कायद्याखाली त्याची नोंदणी लागते. ती डीजी शिपिंगकडे होते. नोंदणी क्रमांक मागा, मुदत पाहा, डीजी शिपिंगच्या यादीत नाव शोधा. क्रमांक द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला माल देऊ नका, मग भाव कितीही गोड असो. दोन, अमेरिकेचा माल असेल तर त्या फॉरवर्डरचे किंवा त्याच्या परदेशी जोडीदाराचे नाव फेडरल मेरिटाइम कमिशनच्या यादीत आहे का पाहा. बिनजहाजाच्या वाहकाला, म्हणजे स्वतःचे जहाज नसताना स्वतःचे बीएल देणाऱ्याला, तिथे जामीन द्यावा लागतो. अमेरिकेबाहेरच्या नोंदणीकृत वाहकासाठी तो १,५०,००० डॉलरचा आहे. तीन, मास्टर बीएलची प्रत मागा. त्यावर 'फ्रेट प्रीपेड' (भाडे आधीच भरले) छापले असेल तर लाइनला भाडे मिळाले का, हे लाइनच्या मुंबई कार्यालयाला एका मेलने विचारा. पाच मिनिटांचे काम आहे. लाज वाटते, हे मान्य. पण लाजेची किंमत मी चार कंटेनरच्या भाड्यात मोजली आहे.

तिसरी पायरी: भाव मेलवर, ओळीनिशी

फोनवर ठरलेला भाव म्हणजे इतवारीतल्या चहाच्या टपरीवरची चर्चा. लाइनच्या किंवा फॉरवर्डरच्या मेलमध्ये हे हवे: भाड्याची रक्कम, कोणकोणते सरचार्ज धरून आणि कोणते वेगळे, भाव कोणत्या तारखेपर्यंत आणि ती तारीख कशाला लागू (जहाज सुटण्याला की माल देण्याला), फ्री डेज (कंटेनर फुकट ठेवायचे दिवस) किती आणि कुठून मोजायचे, डॉलरचा दर कोणाचा.

शेवटचे दोन मुद्दे नागपूरकरांनी ठळक करून घ्यावेत. आपला माल बंदरात नाही, अजनी किंवा मिहानच्या डेपोत कस्टममधून सुटतो आणि मग रेल्वेने न्हावा शेव्याला जातो. रिकामा कंटेनर उचलल्यावर फ्री डेजचे घड्याळ डेपोच्या गेटवर थांबते की बंदराच्या गेटवर? डेपोत रेक (मालगाडी) न लागल्याने चार दिवस गेले तर ते कोणाचे? लाइनगणिक उत्तर वेगळे मिळते. लेखी नसेल तर उत्तर तेच, जे तुमच्या खिशाला लागते. डेपोचे ग्राउंड रेंट (जागाभाडे) आणखी वेगळे, ते लाइनचे नाही.

भाड्याचे दर जाहीरपणे दाखल करण्याचे बंधन लाइनवर भारतात नाही. अमेरिकेत आहे: टॅरिफ (दरपत्रक) प्रसिद्ध करावा लागतो आणि वाढ सहसा ३० दिवस आधी जाहीर करावी लागते. नागपूरहून न्यूयॉर्कला जाणारा कंटेनरही त्या कायद्याच्या कक्षेत येतो, कारण कायदा अमेरिकेचा सगळा परदेशी व्यापार पाहतो, कंपनी कोणत्या देशाची आहे ते पाहत नाही. लाल समुद्रातल्या हल्ल्यांनंतर, म्हणजे २०२३ च्या अखेरीपासून, जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली तेव्हा काही लाइननी या ३० दिवसांतून सूट मागून घेतली. म्हणजे आणीबाणीतही परवानगी मागावी लागते. तुमच्याकडे कराराचा दर असेल तर टॅरिफपेक्षा तो करार चालतो, हे मात्र ध्यानात ठेवा. करारातच 'सरचार्ज लागू राहतील' अशी ओळ असते आणि ती बहुतेकांनी वाचलेली नसते.

एकट्या मिलला कराराचा दर मिळणे कठीण. चार-पाच जणांनी मिळून माल एकत्र दाखवला तर लाइन बसून बोलते. सिव्हिल लाइन्समधल्या व्हीआयए (विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन) सारख्या संघटनेच्या छताखाली असे करता येते. फक्त एक सीमा पाळा: भाडे एकत्र खरेदी करा, तांदळाचा विक्रीभाव एकत्र ठरवू नका. स्पर्धा कायदा लाइनलाच लागू आहे असे नाही.

चौथी पायरी: बीएलचा मसुदा पेनने वाचा

मसुदा येतो, ट्रॅकिंग सुरू होते, सगळे घाईत असतात आणि 'ओके, प्लीज रिलीज' असे मेल जाते. इथे तीन जागा थांबून पाहा.

पहिली, माल स्वीकारल्याचे ठिकाण. तिथे नागपूर लिहिले असेल तर डेपोपासूनची जबाबदारी वाहकाची. फक्त न्हावा शेवा लिहिले असेल तर रेल्वेचा पल्ला तुमच्या गळ्यात. खरेदीदाराशी 'एफओबी न्हावा शेवा' (माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची) ठरवले असेल तरी तुमचा ताबा अजनीतच सुटतो, मधल्या साडेआठशे किलोमीटरांवर जोखीम तुमची. म्हणून डेपोच्या मालाला 'एफसीए नागपूर' (नागपूरला वाहकाच्या ताब्यात दिला की तुमची जोखीम संपली) बरे. खरेदीदार नाही म्हणाला तर निदान विमा डेपोपासून घ्या.

दुसरी, नगांची संख्या. समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या भारतीय कायद्यात वाहकाच्या जबाबदारीला मर्यादा आहे: प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा प्रत्येक किलोमागे २ एसडीआर, यातले जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. समजा हिंगण्याच्या कारखान्यातून ४०० पेट्या गेल्या, प्रत्येकी ८ किलो. बीएलवर '४०० पेट्या' असेल तर मर्यादा दोन लाख साठ हजार एसडीआरच्या वर जाते. 'एक कंटेनर' इतकेच असेल तर वजनावर येते, म्हणजे ३,२०० किलोचे ६,४०० एसडीआर. एका शब्दाचा एवढा फरक. तांदळाला मात्र फारसा फरक पडत नाही, कारण २६ टनांचे किलोवरचे गणितच ५२,००० एसडीआर होते आणि माल त्याहून स्वस्त असतो.

तिसरी, मागच्या पानावरचे न्यायालय. लंडन किंवा सिंगापूर लिहिलेले असते. ते तुम्ही बदलू शकणार नाही. पण लहान रकमेचा वाद तिथे नेणे परवडणार नाही हे माहीत असले की बोलणी लवकर करता.

नुकसान दिसले तर घड्याळे दोन आहेत. सागरी बीएलवर, बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल घेतल्यापासून ३ दिवसांत आणि दावा १ वर्षात. मल्टिमोडल कागदावर सूचना ६ दिवसांत, पण दावा ९ महिन्यांत. 'वर्षभर आहे' म्हणून बसलेला माणूस मल्टिमोडल कागद घेऊन दहाव्या महिन्यात वकिलाकडे जातो, हे मी पाहिले आहे. समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या १९२५ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला, तसाच बीएलचा १८५६ चा कायदाही बदलला. त्यामुळे नोटीस लिहिताना वकिलाकडून कलमांचे क्रमांक ताजे करून घ्या.

पाचवी पायरी: डिटेन्शनचे बिल आले की आधी कारण शोधा

डेमरेज म्हणजे बंदरात किंवा टर्मिनलवर माल पडून राहिल्याचे, डिटेन्शन म्हणजे लाइनचा डबा जास्त दिवस ठेवल्याचे. बोलताना आपण दोन्हीला डेमरेज म्हणतो आणि मग चुकीच्या माणसाशी भांडतो.

भारतात तुमच्या हाती एक चांगला नियम आहे आणि तो फारच थोडे लोक वापरतात. कस्टमच्या २०१८ च्या सी कार्गो मॅनिफेस्ट नियमावलीतला दहावा नियम: तुमच्या बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) किंवा शिपिंग बिलातल्या (निर्यातीचा कागद) नोंदी तपासण्यासाठी कस्टमने माल अडवून ठेवला आणि शेवटी नोंदी बरोबर निघाल्या, तर लाइनने त्या काळाचे डिटेन्शन मागायचे नाही. मात्र ६० दिवसांनंतरचे मागू शकते. डेपो चालवणाऱ्यासाठी २००९ च्या वेगळ्या नियमावलीत अशीच मनाई आहे, कस्टमने अडवलेल्या मालाच्या भाड्यापुरती.

वापरायचे कसे? कस्टमकडून लेखी पत्र घ्या की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माल तपासणीसाठी अडवला होता आणि नोंदींत चूक आढळली नाही. हे पत्र मिळवणे हीच खरी मेहनत. तोंडी 'होऊन जाईल' कामाचे नाही. पत्र लाइनला, प्रत कस्टमला. लाइनची नोंदणी या नियमावलीखाली कस्टमकडेच असते, त्यामुळे त्या प्रतीला वजन असते.

आणि नियम कुठे लागत नाही तेही नीट समजा. जुलै २०२३ मध्ये केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा आमच्याकडे काही मिलवाल्यांनी हाच नियम पुढे केला. चालला नाही. तो धोरणाचा निर्णय होता, नोंदींची तपासणी नव्हती. तिथे उपाय बोलणीचाच, आणि लाइनशी संबंध चांगले असतील तर फ्री डेज वाढवून मिळतात.

अमेरिकेत उतरणाऱ्या मालाचे नियम याहून कडक आहेत. २८ मे २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार शेवटचा आकार (शुल्क) लागल्यापासून ३० दिवसांत बिल आले पाहिजे, बिलात ठरलेला तपशील (कंटेनर नंबर, फ्री टाइम कधी सुरू आणि कधी संपला वगैरे) असला पाहिजे, आणि बिल मिळाल्यापासून वाद घालायला निदान ३० दिवस मिळाले पाहिजेत. तपशील नसेल तर भरण्याचे बंधन उरत नाही. तिथला खरेदीदार बिल भरून तुमच्या पुढच्या पेमेंटमधून कापत असेल तर आधी त्याच्याकडून ते मूळ बिल मागा. बिल उशिराचे किंवा अपुरे असेल तर त्याला हा नियम दाखवा. डिटेन्शनवरच्या वागणुकीसाठी हापाग-लॉइडने जून २०२२ मध्ये त्या कमिशनला २० लाख डॉलर भरले आहेत, म्हणजे नियम नुसता भिंतीवरचा नाही.

सहावी पायरी: तक्रार कुठल्या दारात

पहिले दार नेहमी लाइनचे कार्यालय, मेलवर, बिल नंबर आणि कंटेनर नंबरसह. नागपूरच्या एजंटला फोन करून थांबू नका. त्याच्या हाती फारसे नसते, तो बिचारा मुंबईला तेच फॉरवर्ड करतो.

कस्टमच्या तपासणीतून आलेले डिटेन्शन असेल तर कस्टम. फॉरवर्डरची मल्टिमोडल नोंदणी किंवा लाइनची वागणूक असेल तर डीजी शिपिंग. सगळ्यांनाच छळणारी अडचण असेल, जसे रिकामे कंटेनर नागपूरला येतच नाहीत, तर एकट्याने पत्र लिहून काही होत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरणासोबत आलेल्या 'ई-लॉग्स' व्यासपीठावर संघटनेमार्फत तक्रार टाका. ग्राहक मंच मात्र विसरा, व्यापारासाठी घेतलेली सेवा तिथे सहसा बसत नाही. अमेरिकेच्या मार्गावरच्या आकाराबद्दल फेडरल मेरिटाइम कमिशनकडे साध्या मेलने तक्रार करता येते. २०२२ च्या सुधारणेनंतर आकार वाजवी आहे हे दाखवण्याचा भार लाइनवर आहे. तक्रार केली म्हणून लाइनने तुमचे बुकिंग नाकारणे हाही तिथे वेगळा गुन्हा आहे.

आता मिलवाल्यांचा आवडता शब्द: कार्टेल. "सगळ्यांनी एकाच दिवशी तेवढेच वाढवले, म्हणजे कार्टेलच!" असेल, नसेल. एकाने जाहीर केलेली वाढ बघून दुसऱ्याने तीच लावली तर त्याला कार्टेल म्हणता येत नाही. भाव आपसात बोलून ठरवल्याचा पुरावा लागतो. असा पुरावा मिळाला तर भारतातही शिक्षा होते. मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या जहाजांच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये के-लाइनला २४.२३ कोटी, एमओएलला १०.१२ कोटी आणि निसान मोटर कार कॅरियरला २८.६९ लाख रुपये दंड केला. त्यांनी आपसात 'रिस्पेक्ट रूल' पाळला होता: ज्याचा ग्राहक त्याचाच, दुसऱ्याने कमी भाव द्यायचा नाही. एनवायकेने आधी कबुली दिली म्हणून तिला दंड माफ. पुराव्यात ई-मेल होते.

तुमच्याकडे असे काही आले, म्हणजे एखाद्या लाइनच्या माणसाने मेलमध्ये 'आम्ही सगळ्यांनी ठरवले आहे' असे लिहिले, तर तो मेल जपून ठेवा. स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल करायला २०२३ पासून घटनेपासून ३ वर्षांची मुदत आहे आणि फी लागते. सिद्ध झाल्यास दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, कार्टेल चालले तितक्या प्रत्येक वर्षासाठी, जे जास्त असेल ते. पण तो दंड सरकारजमा होतो. तुमच्या खिशात काही यायचे असेल तर नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा.

तुमसरवाल्यांच्या अकरा ओळींचे काय झाले? सात ओळी त्यांनी मेलवर 'ओके' म्हणून मान्य केलेल्या निघाल्या. एक सरचार्ज भावाच्या मुदतीत नव्याने लावलेला होता, तो लाइनने काढला. डॉलरच्या दरातला फरक पुढच्या बुकिंगपासून लेखी ठरला. उरलेल्या दोन ओळी काय आहेत हे लाइनच्या मुंबईच्या मॅडमनाही नीट सांगता आले नाही. त्यांचा मेल अजून यायचा आहे.